अर्ज भरण्याआधी प्रश्न निवडून घ्या

लग्नाआधी मिळवलेली पदवी आपल्यापैकी कितीजणींनी पैठणीसारखी घडी घालून कपाटात ठेवली आहे, याची मोजदाद कुणी करीत नाही. आर्किटेक्चर शिकलेली मुलगी लग्न होऊन तालुक्याच्या गावी गेली, की शेजारणींना 'ती घराचे नकाशे काढते' एवढंच ठाऊक असतं. अशाच एका भगिनीचं पत्र माझ्यापुढे आहे. वय ३८, आर्किटेक्चरची पदवी आणि त्यापुढची एम.आर्च.सुद्धा झालेली, दोन मुलं, यजमान बँकेत. घरबसल्या त्या लोकांना नगरपालिकेच्या मंजुरीचे नकाशे करून देतात. त्या लिहितात, "आर्किटेक्चर आणि शहरांचा अभ्यास या विषयात पीएच.डी.ला अर्ज करावा, असं दोन वर्षं मनात घोळतंय. घरात विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, 'आता या वयात डॉक्टर होऊन कुणाला औषध देणार?' सगळे हसले, मीही हसले. पण तो फॉर्म काही मनातून जात नाही. सुरुवात कुठून करू?"

एरवी या पानावर आपण लोणच्याला बुरशी का येते आणि लोकरीचे कपडे कसे धुवावेत, हे बोलतो. आज या फॉर्मबद्दल बोलू या. असं पत्र लिहिणाऱ्या त्या एकट्याच आहेत, असं मला वाटत नाही. आणि ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांनीही वाचा. घरात एखादी वहिनी, भाची, सून असेलच की!

ही पदवी कशासाठी?

आधी एक गैरसमज दूर करू. घरं बांधायला किंवा नकाशांवर सही करायला पीएच.डी. लागत नाही. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नाव नोंदलेलं असलं की पुरे. पीएच.डी. म्हणजे आणखी मोठ्या बंगल्यांचे नकाशेही नव्हेत. एका प्रश्नाचं उत्तर शोधायचं, आणि ते कसं शोधलं हे चारचौघांना पटेल असं लिहून मांडायचं, असं ते काम आहे. कॉलेजात शिकवायचं असेल, संशोधन संस्थेत जायचं असेल तर पदवी उपयोगी पडते. पण पदवी हातात पडली की नोकरी दाराशी चालत येईल, असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. नुसत्या नावापुढच्या 'डॉ.'साठी निघालात तर दुसऱ्याच वर्षी वैतागाल. एखादा प्रश्न स्वस्थ बसू देत नसेल, तरच या वाटेला जावं.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की फॉर्म नंतर, आधी प्रश्न. तांदूळ निवडून घेतल्याशिवाय आपण आधण ठेवत नाही, तसंच हे.

विषय वेगळा, प्रश्न वेगळा

'आमच्या गावातले जुने वाडे' हा विषय झाला. यावर कुणी काय शोधणार? पण असं विचारून पाहा: भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा वाड्याच्या मधल्या चौकाचं काय झालं? भिंत पडली का, छप्पर घातलं का? आणि त्यानंतर आतल्या खोल्यांचा उजेड-वारा, धुणंभांडी-वाळवणाची जागा, बायकांचं एकमेकींशी बोलणं-बसणं यांत काय फरक पडला? हा झाला प्रश्न. त्याचं उत्तर पंधरा-वीस वाड्यांत जाऊन, फूटपट्टी लावून, माणसांशी बोलून काढता येतं.

अशी उदाहरणं आपल्या अवतीभवती किती सापडतील! फ्लॅटच्या गॅलऱ्या लोक बंद करून घेतात, तेव्हा घरातलं नेमकं कुठलं काम गॅलरीतून आत येतं? आठवडेबाजार गावाबाहेर हलवला, तर भाजी विकणाऱ्या बायकांच्या पायपिटीत आणि कमाईत काय बदल होतो? नळाला पाणी पहाटे चारला येतं, म्हणून घराची रचना कशी बदलत गेली, टाक्या कुठे बसल्या, मोरी कुठे सरकली? हे सगळे शहरांच्या अभ्यासातले खरेखुरे प्रश्न आहेत.

निवडताना प्रश्नाला तीन चाळण्या लावा. पहिली: उत्तर तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा वेगळं निघू शकेल का? उत्तर आधीच ठरलेलं असेल तर ते मत झालं, संशोधन नव्हे. दुसरी: तुमच्या पायांनी, तुमच्या खर्चात, दोन-तीन वर्षांत ही माहिती गोळा होईल का? अख्ख्या महाराष्ट्राचे वाडे घेऊ नका. एका गावाची एक पेठ घ्या. तिसरी: हे काम आधीच कुणी केलेलं नाही ना? यासाठी इंटरनेटवर 'शोधगंगा' नावाचा संग्रह आहे. देशभरच्या विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध तिथं फुकट वाचायला मिळतात. आपल्या विषयाजवळचे तीन प्रबंध काढा. सगळे वाचायची गरज नाही, प्रत्येकाचं पहिलं आणि शेवटचं प्रकरण वाचा. पहिल्यात प्रश्न कसा मांडायचा ते कळेल. शेवटच्यात 'पुढे काय अभ्यासायला हवं' हे बहुधा लिहिलेलं असतं. तिथंच तुमची जागा सापडते.

घर आणि गल्ली हे मोठे विषय आहेत

स्वयंपाकघर, मोरी, गल्ली यांत कसलं आलंय संशोधन, असं मनात येईल. तर ऐका. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्टमध्ये हजारो नवी घरं बांधायचं काम चाललं होतं. त्यांतलं स्वयंपाकघर आखायचं काम मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्ट बाईंकडे आलं. बाईंनी कुठल्या कामाला किती वेळ लागतो, शेगडीपासून जेवणाच्या टेबलापर्यंत किती पावलं पडतात, याचा हिशेब केला आणि जेमतेम १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब असं स्वयंपाकघर आखलं. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं त्या शहरात बसली. आज फ्लॅटमध्ये सलग ओटा आणि त्याच्यावर-खाली कपाटं दिसतात ना, त्यांच्या घराण्यातलं हे एक जुनं नाव. पुढे त्यावर टीकाही झाली, की एकीपुरत्याच त्या खोलीत बाई घरातल्यांपासून तुटली. म्हणजे एका प्रश्नातून दुसरा प्रश्न निघालाच! आणि गंमत अशी, की तोवर मी कधी संसार केला नव्हता की स्वयंपाक केला नव्हता, असं बाईंनीच पुढे सांगून टाकलं. आपलं उलट आहे. अनुभव भरपूर आहे. मोजून लिहून ठेवायची सवय तेवढी नाही.

दुसरं नाव जेन जेकब्ज. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या, लेखन करून पोट भरणाऱ्या, तीन मुलांच्या आई. नगररचनेची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. आपल्या घरासमोरच्या रस्त्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत काय चालतं, हे त्यांनी नीट पाहिलं. दुकानदार, दारात उभे असलेले शेजारी, खिडकीतून डोकावणारी माणसं, या सगळ्यांच्या नजरेमुळे रस्ता सुरक्षित राहतो, असं त्यांनी १९६१ च्या आपल्या पुस्तकात मांडलं. आजही नगररचनेचे विद्यार्थी ते पुस्तक वाचतात. आपल्याकडचं सांगायचं तर नवी मुंबई वसवण्याची कल्पना १९६५ साली 'मार्ग' नियतकालिकात मांडणाऱ्या तिघांत चार्ल्स कोरिया आणि शिरीष पटेल यांच्याबरोबर प्रवीणा मेहता या आर्किटेक्ट बाई होत्या. तेव्हा शहराचा विचार हे पुरुषांचं काम, ही समजूत आता माळ्यावर टाका.

नियम काय सांगतात

आता कागदावरच्या गोष्टी. विद्यापीठ अनुदान आयोगाची पीएच.डी.बद्दलची सध्याची नियमावली नोव्हेंबर २०२२ मधली आहे. तिच्यातल्या आपल्या कामाच्या बाबी सांगते.

पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण हवेत. राखीव प्रवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि दिव्यांग यांना ५ टक्क्यांची सूट आहे. प्रवेश परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधनाच्या पद्धतींवर आणि निम्मे आपल्या विषयावर असतात. विद्यापीठाची स्वतःची परीक्षा असेल तिथं लेखीला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या या परीक्षेला सर्रास 'पेट' म्हणतात. आयआयटीसारख्या संस्थांचे नियम त्यांचे स्वतंत्र असतात; 'गेट' परीक्षेत आर्किटेक्चर आणि प्लॅनिंगचा वेगळा पेपर असतो, त्याचे गुण तिथं उपयोगी पडतात. आर्किटेक्चर न शिकलेल्या, पण भूगोल, समाजशास्त्र, अर्थशास्त्र घेऊन एम.ए. झालेल्या भगिनींनाही शहरांच्या अभ्यासाचे काही विभाग प्रवेश देतात. जाहिरात मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी.

मुदत किमान ३ वर्षं, कमाल ६ वर्षं. पुन्हा नोंदणी करून आणखी २ वर्षं मिळू शकतात. आणि स्त्रियांना त्याहूनही २ वर्षांची सवलत देता येते, म्हणजे जास्तीत जास्त १० वर्षं. बाळंतपण आणि मुलांचं संगोपन यांसाठी सगळ्या मुदतीत मिळून २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. प्रवेशाला या नियमावलीत कमाल वयाची अट नाही. काही शिष्यवृत्त्यांना असते.

आणखी एक कलम तर खास आपल्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. लग्नामुळे किंवा दुसऱ्या कारणानं बाईला गाव बदलावं लागलं, तर तिनं गोळा केलेली संशोधनाची माहिती नव्या गावच्या संस्थेत नेता येते. पहिल्या मार्गदर्शकाला आणि संस्थेला त्यांचं श्रेय द्यायचं, आणि ते काम कुणाच्या अनुदानातल्या प्रकल्पाचा भाग असता कामा नये, एवढ्या अटी. 'यांची बदली झाली म्हणून माझं राहिलं' हे वाक्य आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. हे कलम लक्षात ठेवा आणि वेळ आली तर कार्यालयात दाखवा.

पीएच.डी. अर्धवेळही करता येते. नोकरी असेल तर मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. सुरुवातीचा अभ्यासक्रम मात्र निदान १२ क्रेडिटचा असतो आणि त्यासाठी हजर राहावं लागतं. किती दिवस, सलग की शनिवार-रविवार, हे अर्जाआधीच विचारून घ्या.

मार्गदर्शक आधी शोधा

कितीतरी जणी परीक्षा पास होतात आणि मग अडतात, कारण मार्गदर्शकाकडे जागाच नसते. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ च विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला ३ वर्षांहून कमी उरली असतील त्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. तेव्हा कॉलेजातल्या आवडत्या सरांवर भिस्त ठेवू नका, त्यांची निवृत्ती कधी आहे ते आधी पाहा.

कुठे शोधाल? नागपूरच्या व्हीएनआयटीत आर्किटेक्चरचा विभाग आहे. शहरांच्या अभ्यासासाठी मुंबईत आयआयटी आणि टाटा समाजविज्ञान संस्था आहे. अहमदाबादला सेप्ट विद्यापीठ, दिल्ली आणि भोपाळला स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर आहे. खानदेश-विदर्भातल्या बायकांना भोपाळ काही फार लांब नाही. शिवाय आपापल्या विद्यापीठाशी जोडलेली संशोधन केंद्रं पाहा. त्या त्या अध्यापकांनी काय लिहिलंय ते वाचा, आणि ज्यांचं काम तुमच्या प्रश्नाजवळचं असेल अशा दोघा-तिघांनाच एक पानी पत्र लिहा. मी कोण, माझा प्रश्न काय, तो कुठे आणि कसा तपासणार, तुमचं कुठलं लिखाण वाचलं; एवढं पुरे. 'मला कुठलाही विषय चालेल' असं चुकूनही लिहू नका. जेवायला आलेला पाहुणा 'काहीही चालेल' म्हणाला की आपली कशी पंचाईत होते? तशीच त्यांची होते.

अर्जासोबत जो संशोधनाचा आराखडा द्यावा लागतो, तो म्हणजे याच पत्राचा विस्तार. प्रश्न, तो का महत्त्वाचा, आधी कुणी काय केलं, माहिती कशी गोळा करणार, कुठल्या वर्षी काय करणार. सोप्या भाषेत लिहा आणि आर्किटेक्चर न कळणाऱ्या एखाद्या शहाण्या मैत्रिणीला वाचून दाखवा. तिला कळला नाही तर पुन्हा लिहा.

कागदपत्रांची पिशवी

आता बायकांचं नेहमीचं दुखणं. पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि बँकेत तिसरंच! विवाह नोंदणीचा दाखला आणि नाव बदललं असल्यास राजपत्रातली प्रसिद्धी, यांच्या प्रती आधीच काढून ठेवा. जातीचा दाखला माहेरच्या नावाचा असतो, तोही शोधून ठेवा. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती, स्थलांतर प्रमाणपत्र यांना विद्यापीठात वेळ लागतो. अर्जाची तारीख जाहीर झाल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. शिफारसपत्र मागत असतील तर जुन्या सरांना महिनाभर आधी कळवा आणि सोबत आराखडा पाठवा. इतक्या वर्षांनी त्यांना नुसत्या नावावरून काय आठवणार?

पैशाचंही बोलू. पूर्णवेळ विद्यार्थिनीला 'नेट'मधून जे.आर.एफ. मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये असा दर आहे. आई-वडिलांच्या एकुलत्या एक मुलीसाठी सावित्रीबाई जोतिराव फुले यांच्या नावची शिष्यवृत्ती आहे. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या समाजगटांतल्या संशोधकांना मदत करतात. अर्धवेळ करणारीला मात्र बहुधा स्वतःच्या पदरचं घालावं लागतं. फी, प्रवास, छपाई यांचा वर्षाचा अंदाज काढून घरखर्चाच्या वहीत वेगळं पान करा.

आणि सावध राहा. 'घरबसल्या पीएच.डी.', 'परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन डॉक्टरेट' अशा जाहिरातींना भुलू नका. खाजगी शिकवणी कंपन्यांनी परदेशी संस्थांशी मिळून चालवलेल्या ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही, असं आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीरच केलं आहे. पैसे घेऊन प्रबंध लिहून देणारेही भेटतील. विकतचं लोणचं आपलं म्हणून वाढता येतं, पण प्रबंधाची परीक्षा समोरासमोर असते.

तास कुठून आणायचे?

सगळ्यांत अवघड भाग शेवटी ठेवला आहे. पीएच.डी. घरकामातून उरलेल्या वेळात होत नाही, कारण घरकामातून वेळ उरतच नाही. दुपारी कुकर उतरवून मुलं यायच्या आत दोन पानं लिहू, हा बेत चार दिवस टिकतो. आठवड्याला निदान बारा ते पंधरा तास, ठरलेले, दार लावून मिळालेले, असे लागतात. ते कुणाच्या तरी वाट्याला काम गेल्याशिवाय मोकळे होणार नाहीत.

म्हणून पहिला अभ्यास आपल्याच घरावर करा. दोन आठवडे एका वहीत लिहा: सकाळी साडेपाचपासून रात्री झोपेपर्यंत, कुठल्या वेळी, कुठल्या खोलीत, कुठलं काम, किती मिनिटं, कुणासाठी. आवडनिवड न ठेवता सगळं लिहा. मग ती वही जेवणं झाल्यावर सगळ्यांपुढे ठेवा. 'मला शिकायचंय, परवानगी द्या' असं म्हणू नका. हो-नाही करून विषय तिथंच मिटतो. त्याऐवजी 'हे पंधरा तास मोकळे करायचे आहेत, यांतलं कोण काय घेणार?' असं विचारा. डबे यजमान भरतील, धाकट्याचा अभ्यास थोरली घेईल, रविवारचा बाजार सासरे करतील. सासूबाईंनाही यात घ्या. वाडा पूर्वी कसा होता, चौकात काय काय चालायचं, पाणी कुठून यायचं, हे त्यांच्याइतकं कोण सांगणार? हसणारं माणूसही, आपल्याला कुणी नीट काही विचारलं की तासभर बोलतं, असा अनुभव आहे. आणि खरोखर तास मोकळे होतच नाहीत असं दिसलं, तर यंदाचा अर्ज पुढच्या वर्षी करा. प्रश्नाची वही मात्र चालू ठेवा.

मुलाखतीत विचारतील, "मधली बारा वर्षं काय केलंत?" त्यावर 'काही नाही, घरीच होते' हे उत्तर देऊ नका. किती घरांचे नकाशे केले, नगरपालिकेत कुठले आक्षेप आले, लोकांनी बांधताना काय बदललं, हे सांगा. घर सांभाळून जमेल का, असंही कुणी विचारील. वैतागू नका आणि भावुकही होऊ नका. "आठवड्याला पंधरा तास ठरलेले आहेत, वेळापत्रक केलंय," एवढं सांगायचं आणि आपल्या प्रश्नाकडे वळायचं.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात फॉर्म शोधू नका. दुकानातून दोनशे पानी वही आणा आणि मोजपट्टी घ्या. ज्या गोष्टीवरून 'हे असं का?' असं रोज मनात येतं, ती जागा मोजा, तिचा छोटा नकाशा काढा आणि खाली एकच वाक्य लिहा, शेवटी प्रश्नचिन्ह असलेलं. महिनाभरानं पुन्हा वाचा. ते वाक्य तेव्हाही तितकंच टोचत असेल, तर अर्जाची तारीख पाहायला हरकत नाही.